"सून आली तेव्हापासून टीव्ही आपोआप लागतो"

घरातलं एखादं यंत्र कारण नसताना विचित्र वागायला लागलं की आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात. पहिला मोठ्याने: "कोणत्या कंपनीचं आहे?" दुसरा दबक्या आवाजात: "घरात नवीन कोण आलंय?" पहिल्या प्रश्नाने फार तर दुकानदाराला मनस्ताप होतो. दुसऱ्या प्रश्नाने एखाद्या माणसाचं आयुष्य नासू शकतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते.

म्हणून ही लांबलचक पोस्ट. यात थोडा इतिहास आहे, थोडी वीज आहे आणि शेवटी एक विनंती आहे. निवांत वाचा.

मी अंबाजोगाईचा. बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या अशा तक्रारी फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. बटण बंद केलं तरी दिवा काजव्यासारखा मिणमिणत राहतो. टीव्ही मध्यरात्री आपोआप चालू होतो. फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात. आपण काहीच केलेलं नसताना एक बल्ब एकदम लखलखीत होतो आणि फट्‌कन उडतो, त्याच वेळी शेजारच्या घरात दिवे मंदावतात. सांगणारा आधी हसत हसत सांगतो. मग आवाज खाली येतो आणि म्हणतो, "सर, तुमचा विश्वास नसेल, पण..."

या "पण"च्या मागे आपल्या भागाचा मोठा इतिहास आहे.

जुन्या हैदराबाद संस्थानातल्या या पट्ट्यात, म्हणजे आजचा मराठवाडा आणि त्याला लागून असलेला कर्नाटक-तेलंगणाचा भाग, भानामती हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. घरावर दगड पडणं, दोरीवरचे कपडे पेटणं, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणं, शिजवलेल्या अन्नात घाण सापडणं. ज्यांनी लहानपणी आजीकडून हे ऐकलं नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. भानामतीची प्रकरणं हा तिच्या कार्यकर्त्यांच्या कामाचा एक मोठा भाग राहिला. त्यांचा अनुभव असा की बहुतेक वेळा या प्रकारामागे घरातलाच मानवी हात असतो. कोंडमारा झालेलं, कुणी ऐकून न घेतलेलं एखादं माणूस असतं. त्याला चव्हाट्यावर न आणता, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून प्रकार थांबवायचा, ही त्यांची रीत.

आता घरात दगडांच्या जागी रिमोट आलाय. दिवा, टीव्ही, फ्रिज यांच्या वागण्यामागे सहसा कुणाचाच हात नसतो. तिथे सैल जोड असतो, उलटी जोडलेली वायर असते, कोरडी पडलेली अर्थिंग असते. संशय मात्र जुन्याच पायवाटेने चालत जातो आणि जुन्याच दारात थांबतो: नवी सून, विधवा जाऊ, एकटी राहणारी म्हातारी.

हे थांबवायचं कसं? त्यासाठी आधी मुंबईला जाऊ. यंत्रं विनाकारण वेड्यासारखी वागली तेव्हा शहाण्या माणसांनी काय केलं, याचं जगातलं एक उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

मुंबईच्या कुलाब्याला १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा स्थापन केली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं सुरू झाली. टांगलेली चुंबकसुई किती हलते ते डोळ्यांनी पाहायचं आणि वहीत लिहायचं. दर तासाला, दिवसरात्र. यापेक्षा कंटाळवाणं काम शोधून सापडणार नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलप्रेमी सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत बसला होता. त्याला डागांच्या एका समूहावर डोळे दिपवणारे प्रकाशाचे दोन ठिपके दिसले. काही मिनिटांत ते विझले. त्यानंतर साधारण सतरा-साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. त्या काळातलं सगळ्यात आधुनिक विजेचं यंत्र म्हणजे तारायंत्र. युरोप-अमेरिकेतली तारायंत्रं बिथरली. कुठे ठिणग्या उडाल्या, कुठे तार चालवणाऱ्याला झटका बसला. अमेरिकेत बॉस्टन ते पोर्टलंड या मार्गावरच्या दोघा तारवाल्यांनी तर बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या आकाशातून आलेल्या प्रवाहावर सुमारे दोन तास संदेश पाठवले. विचार करा, बॅटरी काढून ठेवलेलं यंत्र चालतंय! आपल्या गल्लीत असं झालं असतं तर संध्याकाळपर्यंत देवऋषी दारात उभा राहिला असता.

कुलाब्यात त्या दिवशी काय झालं? सुई एरवीपेक्षा कितीतरी जास्त ढळायला लागली. कामावरच्या माणसाने सुईकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे आकडा लिहिला. फरक एवढाच केला की तासाची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी, मग दर पाच मिनिटांनी नोंद घेतली. त्याला कारण माहीत नव्हतं. सूर्यावरचा स्फोट आणि कुलाब्यातली सुई यांचा संबंध त्या काळी कुणालाच नीट लावता येत नव्हता. तरी त्याने लिहिलं.

ती वही १४४ वर्षं थांबली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तिच्या आधारे शोधनिबंध लिहिला. त्या वादळात कुलाब्याचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. नोंद असलेल्या सगळ्यात मोठ्या चुंबकीय वादळाची तीव्रता आज जग ज्या आकड्याने सांगतं, तो आपल्या कुलाब्याच्या त्या वहीतून आलेला आहे.

याच वेधशाळेची पुढची गोष्ट आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विजेवर न्यायचं ठरलं. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो, त्यातला काही जमिनीत झिरपतो, आणि तो आपल्या सुया नाचवणार, हे वेधशाळेत आधीच ओळखलं गेलं. म्हणून अलिबागला नवीन चुंबकीय वेधशाळा बांधली. इमारतीचा दगड चुंबकीय गुण नसलेला, मुद्दाम पोरबंदरहून आणलेला. लोखंडाला मज्जाव. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चाललं, म्हणजे जुन्या आणि नव्या वह्यांचा सांधा जुळावा. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. ट्राम रस्त्यावर यायच्या आधी सुयांचा मुक्काम हलला होता.

यातून मी एक गोष्ट घेतो. आपल्या यंत्राच्या वागण्याचं कारण आपल्या भिंतींच्या आत असेलच असं नाही. ते रस्त्यावर असू शकतं, सूर्यावरही असू शकतं. अलीकडची दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही साध्या घरांमधली आहेत.

२०१८ च्या सुरुवातीला युरोपातल्या पंचवीस देशांत लोकांच्या लक्षात आलं की ओव्हनवरची, रेडिओतली घड्याळं मागे पडताहेत. मार्चपर्यंत ती जवळजवळ सहा मिनिटं मागे गेली होती. घड्याळं नवी होती, बिघडलेली नव्हती. ती विजेच्या कंपनांवर वेळ मोजत होती, सेकंदाला ५०. कोसोवो आणि सर्बिया यांच्या भांडणात त्या भागात जितकी वीज वापरली तितकी तयार झाली नाही. सगळा युरोप एका जाळ्यात जोडलेला, त्यामुळे सरासरी कंपनं ५० वरून ४९.९९६ वर आली. फरक इतका बारीक की कुणाच्या ध्यानातही येणार नाही, पण आठवड्यांमागून आठवडे साचत गेला. म्हणजे जर्मनीतल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ चुकत होतं ते शेकडो किलोमीटरवरच्या राजकारणामुळे.

दुसरं वेल्समधल्या अबरहोसन या खेड्याचं. तिथे अठरा महिने रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं इंटरनेट बंद पडायचं. केबल बदलून झाल्या, फरक पडला नाही. शेवटी अभियंते सकाळी सहापासून मापक घेऊन गावात फिरले. बरोबर सातला एका घरातून विद्युत गोंगाट सुरू झाला. त्या घरातलं माणूस उठल्यावर आपला जुना टीव्ही लावत होतं, बस्स. त्या माणसाला भयंकर ओशाळल्यासारखं झालं आणि टीव्ही कायमचा बंद झाला. २०२० मध्ये ही बातमी जगभर गेली, पण त्या माणसाचं नाव कुणी छापलं नाही. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या गोष्टी सुटल्या त्या वेळेच्या नोंदीमुळे. "कधीतरी होतं" यावर कुणीच काही करू शकत नाही. "रोज सकाळी सातला होतं" म्हटलं की अर्धं काम झालं.

आता परत आपल्याकडे येऊ.

परळीचं औष्णिक वीजकेंद्र अंबाजोगाईहून जेमतेम पंचवीसेक किलोमीटर. १९७१ मध्ये तिथे ३० मेगावॉटचे पहिले संच आले, पुढे मोठे आले. तरी दिव्याखाली अंधार ही म्हण आपण अक्षरशः जगलो. भारनियमनाची ती वर्षं आठवा. वेळापत्रक घराघरात पाठ असायचं, गिरणीवाला त्याच्यावर चालायचा, पोरांचा अभ्यासही. फेब्रुवारी २०१३ मध्ये तर दुष्काळात पाणीच नसल्याने परळीचं केंद्र पूर्ण बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली.

शेतावर तर आजही विजेला पाळ्या आहेत. विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेज लागते. ती काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीला शेतकरी बॅटरी घेऊन साप-विंचवातून दारं धरायला जातो. बऱ्याच जणांनी मोटारीला ऑटोस्विच लावलेत, लाईट आली की मोटार आपोआप सुरू. परिणाम असा की थ्री फेज आल्याबरोबर एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि होल्टेज धाडकन खाली बसतं. पाळी बदलताना क्षणभर लाईट जाऊन येते. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट समजून घ्या: न्यूट्रल. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज, एक न्यूट्रल. या दोघांत २३० व्होल्ट. वीजपुरवठ्याच्या नियमाप्रमाणे यात सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. पण डीपीवर तीन फेज असतात, आणि कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. गल्लीतली घरं या तीन फेजवर वाटलेली असतात, न्यूट्रल मात्र सगळ्यांचा मिळून एकच. त्याचा जोड सैल झाला किंवा तुटला की हिशोब बिघडतो. ज्या फेजवर गिझर, इस्त्री असं जड काही चालू आहे तिथलं होल्टेज पडतं, आणि ज्या फेजवर एखाद-दुसरा बल्ब आहे तिथलं चढतं, पार ४०० कडे. म्हणजे बंगल्यातला दिवा मंदावतो आणि पत्र्याच्या खोलीतला गरिबाचा एकुलता बल्ब लखकन पेटून उडतो.

हे ज्याने पाहिलं त्याला काय वाटणार? शेजारणीने आत काहीतरी केलं आणि माझ्या घरातला दिवा फुटला! बघणारा खोटं बोलत नाही. शेजारणीने खरोखरच काहीतरी केलेलं असतं. तिने हीटर लावलेला असतो.

आता काही वर्षांपूर्वीचं एक प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. अंबाजोगाईपासून थोडी लांब, शेतातली वस्ती. एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, घरात टीव्ही आपसूक लागायलाय. रात्री साडेबारा-एकला. मोठ्यानं. सगळे दचकून उठायलेत." मी म्हटलं, वायरमनला दाखव. तो गप्प झाला. मग म्हणाला, "आज्जी म्हणायलीय, वहिनी आल्यापासूनच सुरू झालंय सगळं. उद्या एकाला बोलवायलेत बघायला."

त्या "एकाला"च्या आधी मी पोचलो.

घरात तीन तक्रारी होत्या. टीव्ही रात्री लागतो. ओसरीवरचा दिवा बंद करूनही मिणमिणतो. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. आज्जी ठाम होत्या. म्हणाल्या, "मास्तर, मी काय येडी न्हाई. पोरगी घरात यायच्या आधी यातलं काईबी नव्हतं."

मी आज्जींना म्हटलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे.

कारण ते खरंच बरोबर होतं. लग्न मे महिन्यात झालं होतं. टीव्ही आंदणात आलेला, नवा. जुन्या टीव्हीला खटका होता, तो बंद म्हणजे बंद. या नव्या टीव्हीत अशी सेटिंग होती की लाईट जाऊन परत आली की त्याने स्वतःहून चालू व्हायचं. लग्नासाठी घर रंगवलं, तेव्हा जुने साठ वॅटचे बल्ब काढून एलईडी लावले होते. ओसरीच्या बोर्डात बटण फेजवर असायला हवं ते न्यूट्रलवर जोडलेलं होतं, बहुधा घर बांधलं तेव्हापासून. बटण बंद केलं तरी दिव्यापर्यंत फेज पोचतच होता. अशा वायरिंगमधून जो किंचित प्रवाह झिरपतो त्याने साठ वॅटचा बल्ब कधी पेटला नसता, एलईडीला मात्र तेवढा पुरतो. दोष जुना होता, तो दाखवणारा दिवा नवा होता. आणि मे महिना म्हणजे आपल्या बालाघाटावरची जमीन तव्यासारखी. वर मातीचा पातळ थर, खाली काळा पाषाण. अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा संपला की तो खड्डा नावापुरता उरतो. मग फ्रिजच्या पत्र्यावर येणारा प्रवाह जमिनीत जात नाही, हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो.

भूत एकच वाटत होतं, दोष तीन निघाले. तिन्हींची तारीख एकच होती, लग्नाची. आज्जींचं निरीक्षण पक्कं होतं. फक्त नवरीबरोबर घरात आणखी काय काय आलं, आणि तेव्हा ऋतू कोणता होता, हे त्यांनी मोजलं नव्हतं.

हे सगळं मला पहिल्या दिवशी कळलं असं नाही. दिव्याचं आणि फ्रिजचं टेस्टर लावून लगेच समजलं. टीव्हीचं कोडं राहिलं, कारण तो रोज लागत नव्हता. तीन-चार रात्री लागायचा, मग काही दिवस शांत. घरच्यांना हे जास्तच भीतीदायक वाटत होतं. मी म्हटलं, चौदा दिवस एक वही करा. तारीख, वेळ, काय झालं, आणि त्या वेळी लाईट गेली-आली का. लिहिणार कोण? घरात बारावी सायन्स झालेली एकच होती. ती सून. तिनेच लिहिलं.

चौदा दिवसांनी वही पाहिली आणि शेजारी मोटारीच्या पाळीचं वेळापत्रक ठेवलं. ज्या दिवसांत थ्री फेज रात्री होती, त्याच रात्री टीव्ही लागला होता, पाळी सुरू होण्याच्या ठोक्याला. दिवसाची पाळी असताना तो सकाळी लागायचा. तेव्हा कुणी रानात, कुणी चुलीपाशी, आणि टीव्ही एरवीही चालूच असायचा. सकाळच्या भानामतीकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

वायरमनने बटणाची जोडणी सुलटी केली, अर्थिंग कोळसा-मीठ घालून नव्याने भरली, उन्हाळाभर त्यात पाणी टाकायला सांगितलं. टीव्हीची सेटिंग मी बदलली. आज्जींचं पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही. दारावरचं लिंबू-मिरची त्यांनी काढलं नाही. पण सुनेचं नाव घेणं थांबलं, आणि "बघायला" येणाऱ्या माणसाला परत पाठवलं. मला तेवढं पुरेसं होतं.

हा माणूस आला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको. डॉ. दाभोलकर ज्या कायद्यासाठी अनेक वर्षं झगडले, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक माणूस करणी करतं, मंत्राने जनावराचं दूध आटवतं असं सांगून, त्याच्याविषयी संशय पसरवून त्याचं जगणं कठीण करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कायद्यात जनावराचं दूध आहे, टीव्ही नाही. पण करणीचा आळ हा आळच असतो, तो म्हशीवरून आला काय आणि टीव्हीवरून आला काय.

मात्र कायदा येतो तो आळ घेतल्यानंतर. आळ घेण्याआधी जे चौदा दिवस असतात, त्यात वही लागते. म्हणून ही विनंती.

एक. घरात असं काही घडलं तर आधी वेळ लिहा. तारीख, तास, मिनिट, कोणती वस्तू, लाईट गेली-आली का, शेजारी काय चालू होतं, शेतीची पाळी कोणती. किमान दोन आठवडे. कारण शोधायची घाई नको.

दोन. शेजारच्या दोन-तीन घरांना विचारा. एकाच वेळी तुमचा दिवा वाढतो आणि त्यांचा मंदावतो असं असेल तर न्यूट्रलचा संशय घ्या. मेन स्विच बंद करा आणि लगेच तक्रार करा. यात फ्रिज-टीव्ही जळतातच, माणूसही दगावू शकतो.

तीन. मुंग्या येणं ही गंमत नाही. ओल्या हाताने, अनवाणी पायाने हीच मुंगी जिवावर बेतू शकते. अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला, आणि जमेल तेव्हा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. स्वतः बोर्ड उघडू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा.

चार. तक्रार करताना वहीची प्रत जोडा. "होल्टेज नीट नसतं" या तक्रारीला उत्तर मिळतं, "बघतो". "अमुक तारखेला रात्री आठ ते दहा १७० व्होल्ट होतं, सलग नऊ दिवसांची नोंद सोबत" या तक्रारीला टाळणं अवघड जातं. साधा मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो. शाळांनी हे काम मुलांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रयोग म्हणून करून घ्यावं. गावाचं होल्टेज रोज लिहिणारी एक तरी शाळा तालुक्यात असायला काय हरकत आहे?

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वही घरातल्या ज्या माणसावर संशय आहे त्याच्याच हातात द्या. जिच्याकडे सगळे रोखून बघतात, तिला बघणारी होऊ द्या.

आपलं गाव लिहिणाऱ्यांचं आहे. मुकुंदराजांच्या ग्रंथाच्या नावातच विवेक आहे. दासोपंतांनी पंचीकरण लिहायला कागद पुरेना म्हणून की काय, अख्खी पासोडी घेतली, आणि ते कापड शतकं ओलांडून आपल्यापर्यंत आलं. त्यांच्या गावात एका टीव्हीसाठी शंभर पानी वही जड होऊ नये.

तुमच्या घरात किंवा वस्तीवर असं काही घडलं असेल आणि कारण सापडलं असेल, तर खाली जरूर लिहा. नावं नकोत, वेळा लिहा. कारण सापडलं नसेल तरी लिहा. कुलाब्याच्या त्या माणसालाही कारण सापडलं नव्हतं.